त्रिरश्मी लेण्यातील प्रशस्ती : अलंकार आणि पुरावा

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीस गौतम ऋषीच्या कथेवरून ‘गौतमी’ म्हणतात. हीच नदी पुढे नाशिकला येते. तेथील त्रिरश्मी डोंगरातील 3 क्रमांकाच्या लेण्यात दुसरी गौतमी भेटते, सातवाहन राजमाता बलश्री. तिचे ‘गौतमी’ हे नाव गोत्रावरून आलेले. त्यावरून नदीशी अथवा तथागत गौतमाशी नाते जुळविणे हा फार तर श्लेष होईल. तो पुरावा नव्हे.

पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षी बलश्रीने हे लेणे भद्रायणीय भिक्षुसंघास दान दिले. लेखात दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती आहे. मुख कमळासारखे, ही उपमा. वाहने तीन समुद्रांचे पाणी प्याली, ही अतिशयोक्ती. येथे कोणी फसत नाही. परंतु त्याच विशेषणमालेत त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला असेही येते, आणि तेवढेच विशेषण वस्तुस्थिती म्हणून उचलले जाते! वास्तविक याच कुळातील वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शक महाक्षत्रपाची कन्या होती, असे कान्हेरीचा लेख सांगतो.

समासाचेही तसेच. ‘दिजावर’ या पदाचा विग्रह द्विज आणि अवर असा आहे. राजाने दोहोंच्या कुटुंबांची भरभराट केली, हा त्याचा अर्थ. तेथे ‘द्विजवर’ वाचले की एका ऱ्हस्व स्वराने कनिष्ठ गणलेली कुटुंबे लेखातून नाहीशी होतात.

संघाच्या भिंतीवर वर्णरक्षणाची ही बढाई कोरलेली आहे, हे आपणांस रुचणारे नाही. तथापि ती झाकण्याचे कारण नाही. ती राजस्तुतीची भाषा आहे, धम्माची नव्हे.