अर्धं ओढलेलं शटर

डिसेंबर १९९२ ते मार्च १९९३ मधली दंगली आणि बॉम्बस्फोटांची मुंबई ज्यांनी अनुभवली, त्यांना भराभर खाली येणाऱ्या शटरांचा खडखडाट समजावून सांगावा लागत नाही. त्याच मुंबईचे चित्रकार अतुल डोडिया यांनी २००० च्या सुमारास कॅनव्हास बाजूला ठेवून दुकानाची शटरं रंगवायला घेतली. त्यांच्या ‘महालक्ष्मी’त (२००२) पत्र्यावर देवी आहे. शटर वर गेलं की मागे गळफास घेतलेल्या कानपूरच्या तीन बहिणी दिसतात. हुंडा देण्याची बापाची ऐपत नव्हती म्हणून मेलेल्या. देवी गुंडाळली गेल्याशिवाय मुली दिसत नाहीत आणि मुलींवर पडदा पडल्याशिवाय देवी पुरी होत नाही. दोन्ही एकदम बघायची सोय डोडियांनी ठेवलेलीच नाही. पुस्तकात मात्र दोन फोटो शेजारी शेजारी छापतात, आणि चित्राचा जीवच जातो.

अडसर आणि आडपडदा या विषयांवर गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे उदंड काम झालं. त्यातलं बरंचसं कुंपणाचं चित्र काढून थांबतं. काटेरी तार दिसली की प्रेक्षक ‘फाळणी’ म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. अडत कुणीच नाही. चित्रकर्ती झरीना यांचं ‘डिव्हायडिंग लाइन’ (२००१) हे लाकूडठशाचं चित्र याला अपवाद. कागदावर सीमेची एकच वेडीवाकडी काळी रेघ. या बाईंचं माहेरचं घर फाळणीनंतर अलीगढहून कराचीला गेलं होतं. त्यांना तारेची गरज पडली नाही.

या घडीला हा विषय सर्वांत खोल नेला आहे तो मुंबईच्याच कलावंत शिल्पा गुप्ता यांनी. त्यांच्या ‘१:१४.९’ या कामात काचेच्या पेटीत हाताने गुंडाळलेला धाग्याचा गोळा आहे, खाली पितळी पट्टी: ११८८.५ मैल कुंपण घातलेली सीमा. धागा त्या लांबीच्या १४.९ पटीने कमी, म्हणजे तरीही जवळजवळ ऐंशी मैल. भारत-पाक कुंपण बघता बघता खेळण्याएवढं होतं आणि त्यातला धागा मोजता येत नाही. २०१९ च्या व्हेनिस बिएनालेत त्यांचं लोखंडी फाटक सतत झुलत भिंतीवर आदळत होतं. फोडत होतं ती भिंतच. तिथल्याच दुसऱ्या कामात अंधाऱ्या खोलीत शंभर सळ्यांवर तुरुंगात गेलेल्या शंभर कवींच्या ओळींचे कागद खोचलेले, आणि वर टांगलेले मायक्रोफोन आवाज घेण्याऐवजी तोच बाहेर सोडणारे. एक आवाज ऐकायला जवळ जावं, तर दुसरीकडून कोरस उठतो. सगळं ऐकून बाहेर पडलो, असं कुणी म्हणू नये.

मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांच्या कलाकृतीतला काळाकुट्ट खड्डा याहून अधिक गाजला. २०१८ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरात एक प्रेक्षक त्यात खरोखरच पडला. दृष्टीला चकवणं कपूर यांना साधतं, यात शंका नाही. पण चकवा उलगडल्यावर मागे फारसं उरत नाही, असं माझं मत.

प्रदर्शनं मांडणाऱ्यांना एक विनंती आहे. अशा कामांशेजारी दारातच लांबलचक टिपण लावलेलं असतं, आणि शटरमागे काय आहे ते प्रेक्षकाला शटर वर जाण्याआधीच कळतं. ते टिपण बाहेर पडायच्या वाटेवर लावा.