'माहिती उपलब्ध नाही' : एका उत्तराचे वाचन

विधिमंडळातली प्रश्नोत्तरे आपण वाङ्मय म्हणून वाचत नाही. 'हे खरे आहे काय?' आणि त्यावरचे 'प्रश्न उद्भवत नाही' हे आपल्याला आठवते ते विनोदापुरते. स्कॉटलंडच्या संसदेतले लेखी प्रश्न वाचू लागलो, तेव्हा मात्र हा एक काटेकोर लेखनप्रकार आहे असे मला जाणवू लागले.

१९९८ च्या कायद्याने आरोग्य, शिक्षण, वाहतूक असे विषय लंडनकडून एडिंबराकडे आले आणि १९९९ मध्ये १२९ सदस्यांची संसद बसली. तिथला लेखी प्रश्न थोडक्यात आणि स्पष्ट असावा लागतो. प्रश्नकर्त्याने त्यात स्वतःचे मत मांडायचे नसते. उत्तर साधारणपणे दहा कामकाजी दिवसांत अपेक्षित असते. मताला मज्जाव असल्यामुळे सदस्याचे सारे कौशल्य कोणती तारीख, कोणती रक्कम, कोणता कागद मागायचा या निवडीत दिसते. आपल्या 'हे खरे आहे काय?'मध्ये आरोप आधीच मांडलेला असतो. मंत्र्यांनी 'नाही' म्हटले की पुढचे पोटप्रश्न आपोआप गळून पडतात. 'किती' आणि 'केव्हा' या प्रश्नांना 'नाही' हे उत्तर चालत नाही.

पण तिथेही पळवाट आहे. 'ही माहिती मध्यवर्ती पातळीवर ठेवली जात नाही' हे वाक्य उत्तरांत वारंवार भेटते. सुरुवातीला मला ती निव्वळ टाळाटाळ वाटे. फेऱ्यांच्या प्रकरणाने माझे मत बदलले.

बेटांवरच्या लोकांसाठी दोन मोठ्या फेरीबोटी बांधण्याचे ९ कोटी ७० लाख पौंडांचे कंत्राट २०१५ मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन गोदीला मिळाले. बोटी २०१८ मध्ये मिळायच्या होत्या. २०१७ मध्ये 'ग्लेन सॅनॉक्स'चे जलावतरण झाले तेव्हा तिच्या काही खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. २०१९ मध्ये गोदी दिवाळखोरीत गेली व सरकारने ती ताब्यात घेतली. पहिली बोट ॲरन बेटाच्या मार्गावर प्रवासी घेऊन निघाली ती जानेवारी २०२५ मध्ये.

मार्च २०२२ च्या लेखापरीक्षण अहवालातला मुद्दा मला सर्वांत बोलका वाटतो. पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी नसताना मंत्र्यांनी ही जोखीम का स्वीकारली, हे सांगणारा पुरेसा लेखी पुरावा लेखापरीक्षकांना मिळाला नाही. पुढे मे महिन्यात सरकारने ऑक्टोबर २०१५ मधला ईमेल-व्यवहार प्रसिद्ध केला. त्यातून संमती कोणी दिली ते कळते; का दिली, ते कळत नाही.

इथे या लेखनप्रकाराची मर्यादा उघड होते. प्रश्न कितीही नेमका असला, तरी तो दप्तरापर्यंतच पोहोचतो. निर्णयाची कारणे लिहूनच ठेवली नसतील, तर विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून 'माहिती उपलब्ध नाही' या उत्तराशी वाचन थांबवू नये, असे मला वाटते. ही नोंद कोणी ठेवायला हवी होती आणि ती का ठेवली नाही, हा पुढचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. तो कोणी विचारला नाही, तर किंमत ॲरनच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहणाऱ्यांना मोजावी लागते.