सार्जंट अमुसाचा नकार

आफ्रिकी अस्मिता आणि वसाहतवाद यांचा रंगभूमीच्या अंगाने विचार करताना वोले सोयिंका यांचे ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ (१९७५) हे नाटक टाळून पुढे जाता येत नाही. नायजेरियातील ओयो या योरुबा नगरात घडलेल्या घटनेवर ते आधारलेले आहे. राजा वारल्यावर त्याच्या अश्वप्रमुखाने, म्हणजे एलेसिनने, रूढीप्रमाणे स्वतःही मरण पत्करायचे असते. इंग्रज जिल्हाधिकारी पिल्किंग्ज त्याला अटक करून वाचवतो. पण विलायतेत वैद्यकी शिकणारा मुलगा ओलुंडे वडिलांच्या जागी प्राण देतो आणि ते कळताच एलेसिन बेडीच्या साखळीने गळा आवळून घेतो. एक जीव वाचवण्याच्या खटाटोपात दोन जातात.

याला ‘संस्कृतींचा संघर्ष’ समजू नका, असे सोयिंकांनी प्रस्तावनेत बजावले आहे. त्यांच्या मते इंग्रज सत्ता केवळ निमित्त आहे. हे मान्य केले, तरी एक दुय्यम पात्र या प्रस्तावनेला पुरून उरते.

ते पात्र म्हणजे देशी पोलीस सार्जंट अमुसा. तो मुसलमान आहे. एगुनगुन हा पूर्वजांच्या आत्म्यांचा मुखवटेधारी विधी. त्याचा जप्त केलेला पवित्र पोशाख पिल्किंग्ज पती-पत्नींनी नाचाच्या मेजवानीसाठी अंगावर चढवलेला असतो. अमुसा ते पाहून थिजतो. एलेसिनच्या मरणाची खबर तोंडी द्यायला तो तयार होत नाही; मृत्यूचा वेष घातलेल्या माणसाशी मृत्यूविषयी बोलायचे कसे, हा त्याचा प्रश्न. शेवटी तो कागदावर लिहून देतो. साहेबाला नवल वाटते, की चांगला मुसलमान असून हा असल्या गोष्टी मानतो कसा! अमुसाचे उत्तर सरळ आहे. त्याने त्रास देणारे म्होरके पकडले, पण एगुनगुनला हात लावला नाही, त्याचा अवमानही केला नाही.

या नकारात भीती असेलही. परंतु शेजाऱ्याला जे पवित्र आहे त्याची टिंगल न करण्याची समजही त्यात आहे. साहेबाच्या दफ्तरात मात्र माणसासाठी एकच रकाना असतो. मुसलमान म्हटले की गावाच्या स्मृतीशी त्याचे नाते संपले! ‘मुसलमान असून मराठी कसे?’ हा प्रश्न ज्यांना वारंवार ऐकावा लागला, त्यांना हा रकाना ओळखीचा वाटेल.

सोयिंकांविषयीही एक आक्षेप नोंदवला पाहिजे. एलेसिन आणि बाजारातील बायकांची म्होरकी इयालोजा म्हणी-रूपकांनी समृद्ध भाषा बोलतात. अमुसाच्या वाट्याला मोडकेतोडके इंग्रजी येते, बाजारातल्या बायकांशी बोलतानासुद्धा. त्या त्याची यथेच्छ टर उडवतात, गोऱ्यांचा खोजा म्हणून हिणवतात, आणि प्रेक्षक हसतो. वास्तविक योरुबा प्रदेशात इस्लाम इंग्रजी अंमलाच्या आधीच पोहोचला होता आणि तेथील लक्षावधी मुसलमानांची मातृभाषा योरुबाच आहे. नाटकात मात्र अमुसाचा धर्म आपल्याला कळतो तो प्रामुख्याने साहेबाच्या तोंडून, जणू तोही त्याच्या गणवेशाचाच भाग.

सोयिंकांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, २०२२ मध्ये या नाटकावर चित्रपटही आला. चर्चा एलेसिन आणि ओलुंडेभोवतीच फिरत राहिली. हे नाटक थोर आहेच. पण आपल्याच मातीतल्या एका माणसाला त्याने मातीची भाषा दिली नाही. नोकरी सांभाळून, साहेबासमोर उभे राहून ‘एवढे माझ्याने होणार नाही’ म्हणणारा अमुसा यापुढे हसण्यावारी नेऊ नये.