घर आणि बिऱ्हाड : इशरवुडच्या बर्लिन-लेखनातील पुनर्भेट

राहत्या जागेसाठी मराठीत ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ असे दोन शब्द प्रचलित आहेत आणि त्यांच्या क्रियापदांतच त्यांचा अर्थभेद स्पष्ट होतो. बिऱ्हाड थाटता येते, तसेच ते हलविताही येते. घर मात्र मोडते, आणि ते मोडणे ही आपत्ती समजली जाते. इंग्रजी भाषेतील ‘होम’ या शब्दाच्या सैल वापरात हा भेद अनेकदा लोप पावतो. एखाद्या परकीय नगराला एकेकाळी आपले म्हणणारा मनुष्य पुढे तेथे प्रवासी म्हणून परततो, तेव्हा नगर किती बदलले, हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्याचे पूर्वीचे वास्तव्य घर होते की बिऱ्हाड, हा खरा प्रश्न होय. क्रिस्टोफर इशरवुड (१९०४-१९८६) या लेखकाचे बर्लिनविषयक लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

इशरवुड १९२९ साली बर्लिनमध्ये आला आणि मे १९३३ मध्ये, हिटलर सत्तारूढ झाल्यानंतर काही महिन्यांनी, तेथून बाहेर पडला. या वास्तव्यातून ‘मिस्टर नॉरिस चेंजेस ट्रेन्स’ (१९३५) आणि ‘गुडबाय टु बर्लिन’ (१९३९) ही दोन पुस्तके निर्माण झाली. दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी निवेदकाने स्वतःला दिलेली कॅमेऱ्याची उपमा इतकी प्रसिद्धी पावली, की तटस्थता हाच या लेखनाचा गुण, असे समीक्षकांनी वारंवार म्हटले. परंतु तटस्थता हा जसा कलेचा गुण असू शकतो, तशीच ती बिऱ्हाडकरूची सवयही असू शकते. या पुस्तकाच्या अखेरच्या पानांवर निवेदक शेवटचे शहर पाहत हिंडतो, तेव्हा नित्याच्या ट्रामगाड्या आणि माणसे त्याला जुन्या सुखद काळाच्या छायाचित्रासारखी भासतात. शहर सोडण्यापूर्वीच त्याने ते स्मृतीच्या स्वाधीन केलेले आहे. पुनर्भेटीतील प्रवाशाची दृष्टी येथे निरोपातच सिद्ध झालेली दिसते. घरातून निघताना मराठी मनुष्य ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. त्या क्रियापदात परतीचे वचन असते. इशरवुडच्या शीर्षकातील निरोपात तसे वचन नाही.

त्याच पानांवर घरमालकीण फ्रॉइलाइन श्रोडर हिचे चित्र येते. हा गृहस्थ का जातो, हे तिला उमगत नाही. ती स्वतः नव्या राजवटीशी जुळवून घेऊ लागली आहे. हिटलरचा उल्लेख आदराने करू लागली आहे. निवेदक तिला दोष देत नाही, कारण तिला याच शहरात राहावयाचे आहे, हे तो जाणतो. पुस्तकाचा नैतिक भार या जाणिवेवर आहे. त्याच्यापाशी परदेशाचे पारपत्र आहे, तिच्यापाशी केवळ पत्ता आहे. हा भेद कल्पनेपुरता नव्हता. इशरवुडबरोबर बर्लिन सोडणारा त्याचा जर्मन प्रियकर हाइन्झ याला १९३४ च्या आरंभी इंग्लंडमध्ये प्रवेश नाकारण्यात आला आणि १९३७ साली जर्मनीत त्याला अटक झाली. एकाच शहरातून निघालेल्या दोघांपैकी एकाने बिऱ्हाड हलविले. दुसऱ्याचे घर मोडले.

१९५२ साली इशरवुड बर्लिनला परत गेला. तोवर तो अमेरिकेचा नागरिक झाला होता आणि शहर चार सत्तांच्या विभागांत वाटले गेले होते. श्रोडरचे चित्र जिच्यावरून रेखाटले, ती फ्रॉइलाइन थुराउ त्याला पुन्हा भेटली. १९५४ साली ‘द बर्लिन स्टोरीज’ या एकत्रित ग्रंथाला जोडलेल्या प्रस्तावनेत त्याने हा वृत्तांत दिला आहे. त्यात एका वस्तूचा उल्लेख लक्षणीय आहे. शेपटीच्या टोकावर लहानसे घड्याळ पेलणारा पितळी डॉल्फिन कादंबरीतील निवेदकाच्या टेबलावर होता. अशा वस्तू पुढे संग्रहालयात जातील की युद्धासाठी वितळविल्या जातील, असा विनोदी तर्क त्याने तेथे केला होता. युद्ध झाले, डॉल्फिन वितळला नाही. घरमालकिणीने तो जपला आणि या भेटीत इशरवुडला देऊन टाकला.

यानंतर इशरवुडने स्वतःविरुद्ध निवाडा दिला. नॉरिस या पात्राचा मूळ पुरुष जेराल्ड हॅमिल्टन याच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला लिहिलेल्या प्रास्ताविकात त्याने आपल्या पहिल्या बर्लिन-कादंबरीच्या निष्ठुरतेवर बोट ठेवले. त्या शहरातील माणसे भुकेने आणि दारिद्र्याने गांजलेली होती. त्यांच्यामधून मजेत हिंडून त्यांचा विपरीत अर्थ लावणारा परदेशी तरुण हाच खरा राक्षस, असा त्या लेखाचा आशय आहे. पुढे ‘क्रिस्टोफर अँड हिज काइंड’ (१९७६) मध्ये, समलिंगी जीवनाची ओढच आपल्याला बर्लिनला घेऊन गेली, हे त्याने स्पष्टपणे सांगितले आणि तत्कालीन स्वतःचा निर्देश ‘क्रिस्टोफर’ असा तृतीय पुरुषात केला. ‘मी’ हे सर्वनाम वृद्ध लेखकासाठी राखले गेले. शहराकडे प्रवासी होऊन परतणाऱ्याने आपल्या तारुण्यालाही परके मानावे, हे व्याकरणदृष्ट्या सुसंगतच म्हटले पाहिजे.

हा निवाडा प्रामाणिक असला, तरी तो पूर्ण मानता येत नाही. तो केवळ जाणाऱ्याच्या बाजूने दिलेला आहे. कादंबरीतील घरमालकीण निवेदकाला ‘हेर इसिवू’ म्हणते. इंग्रजी ‘डब्ल्यू’चा द्व्योष्ठ्य उच्चार जर्मन भाषेत नाही, म्हणून तेथे दंतोष्ठ्य ध्वनी आला, अंत्य व्यंजन गळाले. ही ध्वनिविकृती विनोदासाठी योजिली आहे, असे सामान्यतः समजले जाते. परंतु परके नाव आपल्या जिभेला वळवून घेणे ही सामावून घेण्याचीच क्रिया आहे. भाषा ज्या शब्दाला आपला मानते, त्याला ती आपल्या उच्चारनियमांत बसविते. त्या घरात हा परदेशी तरुण असाच बसविला गेला होता.

यावरून एक मर्यादित निष्कर्ष काढता येतो. इशरवुडने बर्लिनमध्ये बिऱ्हाड केले होते, हे त्याच्या निरोपाच्या पानांवरून आणि पुढील आत्मपरीक्षणावरून सिद्ध होते. परंतु आपले वास्तव्य घर होते की नव्हे, हे ठरविण्याचा अधिकार एकट्या जाणाऱ्याचा नसतो. मागे राहिलेल्यांनाही त्यात मत असते. घरमालकिणीने आपले मत ग्रंथात मांडले नाही. एकोणीस वर्षे आणि एक महायुद्ध उलटल्यावर तिने पितळी डॉल्फिन त्याच्या हाती ठेवला. कॅमेऱ्याच्या उपमेवर विपुल लेखन झाले आहे. या डॉल्फिनचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे.