बायनरी फाइल आणि आवृत्तीची स्मृती

आवृत्ती-नियंत्रणाच्या प्रणालींविषयी लिहिताना एक वर्गीकरण बहुधा चर्चेविनाच स्वीकारले जाते. फाइली दोन जातींच्या, एक मजकुराच्या व दुसऱ्या बायनरी. पहिल्या प्रणालीला मानवतात, दुसऱ्या मानवत नाहीत. हे वर्गीकरण सोयीचे आहे, परंतु तपासून पाहिले असता ते टिकत नाही. संगणकाच्या दृष्टीने सर्वच फाइली बाइटांच्या माळा होत. ‘बायनरी’ हा फाइलीचा उपजत गुण नसून वाचणाऱ्या साधनाने दिलेला निर्णय आहे.

तो किती स्थूल आधारावर दिला जातो, हे गिटच्या उदाहरणावरून दिसते. फाइलीच्या आरंभीच्या आठ हजार बाइटांत शून्य मूल्याचा एक बाइट आढळला की गिट ती बायनरी ठरवते, आणि दोन आवृत्त्यांतील फरक विचारला असता त्या भिन्न आहेत एवढेच सांगते. मराठीच्या अभ्यासकाला याचा विलक्षण प्रत्यय येऊ शकतो. देवनागरी मजकूर यूटीएफ-१६ या संकेतनात जतन केला, तर नेहमीच्या अक्षरांच्या बाइटजोड्यांत शून्य येत नाही. ते येते दोन शब्दांमधील मोकळ्या जागेच्या जोडीत. म्हणजे निखळ मराठी गद्य बायनरी ठरते ते अक्षरांमुळे नव्हे, अक्षरांच्या अभावामुळे! तोच मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवला की तो पुन्हा मजकूर होतो. २०१८ पासून अशा फाइलीचे संकेतन गिटला सांगून ठेवता येते, ही सुधारणा स्वागतार्ह खरी. परंतु ते सांगावे लागते.

या स्थूलतेचे मूळ इतिहासात आहे. १९७२ साली मार्क रॉचकाइंड यांनी बेल प्रयोगशाळेत रचलेली एससीसीएस आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात रचलेली आरसीएस, या दोन्ही प्रणाली प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरासाठी घडल्या. ओळ हाच त्यांचा घटक. २००५ साली लिनस टॉर्व्हल्ड्स यांनी निर्मिलेल्या गिटने साठवणीत हे बंधन सोडले. गिटच्या भांडारात प्रत्येक आवृत्ती सबंध नोंदली जाते, आणि पुढे जागा वाचविण्यासाठी काढलेला फरक ओळींवर नव्हे तर बाइटांवर काढला जातो. भेदभाव उरला तो वाचनात.

कॉम्प्रेस्ड फाइलींचा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे. झिपमध्ये रूढ असलेली डिफ्लेट पद्धती पुनरावृत्त भागांऐवजी मागच्या स्थळाचा निर्देश ठेवते आणि चिन्हांना कमीअधिक लांबीचे बिट-संकेत देते. त्यामुळे आरंभीचा एक शब्द बदलला तरी पुढचा बहुतेक प्रवाह बदलतो. डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन प्रतींत बाइटांचे साम्य उरत नाही. फरक काढण्याचा यत्न व्यर्थ होतो. वर्डची आजची डॉक्स फाइल किंवा लिबरऑफिसची ओडीटी ही वस्तुतः झिपच होय. आत लेखकाचा मजकूर एक्सएमएलमध्ये सुवाच्य पडलेला असतो. झिप प्रत्येक घटक स्वतंत्रपणे दाबते, म्हणून न बदललेल्या चित्राचे बाइट तसेच राहतात व गिटला त्यांचा लाभ घेता येतो. अर्थात ज्या भागाचा इतिहास अभ्यासकाला हवा असतो, नेमका तोच दुर्बोध होतो.

यावर बहुधा एलएफएसचा उपाय सुचविला जातो. २०१५ साली आलेल्या या साधनामुळे भांडारात काही ओळींची निर्देशक फाइल राहते व मूळ वस्तू अन्यत्र जाते. भांडार हलके होते. परंतु प्रत्येक आवृत्ती सबंधच साठते, आणि काय बदलले हे पूर्वीइतकेच अज्ञात राहते. हा भाराचा उपचार आहे, वाचनाचा नव्हे. डॉक्समधील मजकूर वेगळा काढून त्याची तुलना दाखविण्याची सोय गिटमध्ये आहे व ती वाखाणण्याजोगी आहे. तथापि तिचा अधिकार दर्शनापुरता. दोन संपादकांनी एकाच प्रकरणावर स्वतंत्रपणे काम केले, तर एकत्रीकरणाच्या वेळी एकाची सबंध प्रत निवडावी लागते व दुसऱ्याचे श्रम हाताने पुन्हा उतरवून घ्यावे लागतात. सबव्हर्जनने २००५ मध्ये व एलएफएसने २०१७ मध्ये फाइलीला कुलूप लावण्याची जी व्यवस्था केली, ती या दृष्टीने अधिक प्रामाणिक ठरते. एकत्रीकरण शक्य नाही हे ती आधीच मान्य करते.

हस्तलिखिताच्या पानाच्या छायाचित्राला असे कुलूप पुरेसे आहे. तेथे ताडून पाहण्याजोग्या ओळीच नसतात. गद्य प्रबंधाला ते लावणे हा मात्र आळस होय. गिट आपल्या भांडारातील प्रत्येक वस्तू स्वतःच दाबून ठेवते. लेखकाच्या साधनाने ती आधीच दाबली, तर जागा वाचत नाही, फक्त तुलना अशक्य होते. लिबरऑफिसमध्ये हाच दस्तऐवज न दाबलेल्या, एकसंध एक्सएमएलच्या रूपात जतन करता येतो. त्यातही एक अडचण उरते. मराठी गद्यातला सबंध परिच्छेद बहुधा एकाच ओळीत बसतो, आणि एक ऱ्हस्व इकार दीर्घ केला तरी गिट सारा परिच्छेद बदलल्याचे दाखवते. शब्दवार फरक स्वतंत्रपणे मागावा लागतो.