‘लता भगवान करे’ : जिद्द दिसते, हाड दिसत नाही

वरठी हे भंडारा रोड स्थानकाचे गाव. येथे पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले डांबरी रस्त्यावर धावत असतात. त्यांतला एक मुलगा रस्त्याकडेला नडगी चोळत बसलेला आम्हाला दिसला. आठ दिवसांपासून त्याने बूट सोडले होते. कारण विचारले, तर म्हणाला, “त्या बाई अनवानी धावून जितल्या ना सर, मंग मले बूट कायले पायजेत?”

त्या बाई म्हणजे लता करे. नवीन देशबोईना यांचा ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट २०२० साली प्रदर्शित झाला. पतीच्या तपासण्यांसाठी पैसा हवा म्हणून साठी ओलांडलेली कष्टकरी स्त्री बारामतीच्या स्पर्धेत नऊवारी नेसून तीन किलोमीटर अनवाणी धावते आणि जिंकते, ही सत्यकथा. लताबाईंनी स्वतःचीच भूमिका केली असून ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. पडद्यावर धावतात ते खरेच त्यांचे पाय. हे या चित्रपटाचे मोठे बळ आहे.

उणीव दुसरीकडे आहे. संघर्षगाथेत जिद्द पुढे येते आणि शरीर मागे राहते. बाई का धावल्या हे कळते. ते पाय कसे टिकले, हा प्रश्न प्रेक्षकाला पडतच नाही.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट बल पायावर येते. हाड त्याला जुळवून घेते, पण त्याची रीत उलटी आहे. आधी काही पेशी जुने हाड पोखरतात, मग दुसऱ्या पेशी तेथे नवे हाड भरतात. पोखरणे लवकर होते, भरण्याला महिने लागतात. दम मात्र काही आठवड्यांतच वाढतो. म्हणजे छाती ‘धाव’ म्हणते तेव्हा नडगी तयार नसते. त्यात अनवाणी धावणारा बहुधा टाचेऐवजी चवड्यावर उतरतो. भार पोटरीवर आणि पावलाच्या लांब हाडांवर जातो. वर्षानुवर्षे अनवाणी राबलेल्या पायांना ही सवय असते. ती आठ दिवसांत येत नाही.

शिक्षकांनी हा चित्रपट मुलांना जरूर दाखवावा, मात्र नंतर हा राहिलेला प्रश्न वर्गात विचारावा. नडगी दुखते म्हणणाऱ्या मुलाला आतल्या कडेवरून अंगठा दाबत न्यायला सांगावे. वीतभर पट्टा दुखत असेल, तर धावणे कमी करून ते हळूहळू वाढवावे. बोटाएवढ्या एकाच जागी हाड दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे. हाडाला बारीक भेग असू शकते आणि सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात ती पुष्कळदा दिसत नाही. अशा वेळी दुखणे सोसून धावत राहणे ही जिद्द नव्हे. त्याने भेग वाढते आणि भरतीची संधी हातची जाते.