कुणाच्या घरी जेवलो?

संगीताचं शास्त्र शिकायचं तर आधी नोटेशन वाचता आलं पाहिजे, असं मानणारी मंडळी आमच्या कोल्हापुरातही आहेत. हे म्हणजे धोबीपछाड पुस्तकात वाचून खासबागेत उतरण्यासारखं झालं. डाव तुमचा पाठ असेल हो. पण समोरच्या पैलवानानं ते पुस्तक वाचलेलं नसतं, त्याचं काय?

भातखंड्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’वर माझा राग नाही. (इथं राग म्हणजे साधा, घरगुती राग.) वकिली शिकलेल्या या माणसानं गावोगाव हिंडून शेकडो चिजा गोळा केल्या आणि सहा भागांत बांधल्या. वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब, खालच्याला पायाशी टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी काठी. संसार कसा नीटनेटका! तक्रार एवढीच, की चीज आधी ऐकलेली असेल तरच तो बोलतो. नाहीतर ती वाण्याची यादी.

भूप घ्या. सा रे ग प ध. आता देशकार घ्या. सा रे ग प ध! पुस्तक सांगतं, भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप रात्रीचा, देशकार सकाळचा. आपण मान डोलावतो. कळलं काय?

आमच्या गल्लीत एक पेटीमास्तर होते. ते सुरुवातीला वही उघडूच देत नसत. पहिला धडा ‘सा’चा. सा म्हणजे भाडेकरू. तुमच्या गळ्याप्रमाणे काळी एकमध्ये राहील, नाहीतर पांढरी पाचमध्ये. पण त्यानं जागा धरली, की बाकीच्या सहा जणांनी त्याच्या शेजारीच बिऱ्हाड मांडायचं. मग तंबोरा. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो ऐकू येईपर्यंत पोरांना हलू देत नसत. तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांच्या पेरांवर.

आणि भूप-देशकार? मास्तर आधी गंधारावर ऐसपैस मांडी घालून बसायचे. मग तेच पाच स्वर घेऊन धैवताभोवती घुटमळायचे, गंधाराला नुसता रामराम. “आत्ता कुणाच्या घरी जेवलो?” सातवीतलं पोरगंही बरोबर सांगायचं. वादी म्हणजे तेवढंच.

हे ऐकून कानवाले खूश होतील. देवल क्लबच्या या गावात त्यांना पुरावाही आयता आहे. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँना दरबारी ठेवलं ते १८९५ च्या सुमारास. त्यांच्याकडून केसरबाई, मोगूबाई शिकल्या आणि त्यांच्या मुलाकडून, भुर्जीखाँकडून, मल्लिकार्जुन मन्सूर. सगळी तालीम तोंडातोंडी. कबूल. पण केसरबाईंना खाँसाहेब मिळाले. ज्याच्या हाताला कुणी गंडाच बांधला नाही, त्यानं कुठं जायचं? उस्तादाची लहर फिरली, की अस्ताई मिळायची आणि अंतरा राहायचा. भातखंड्यांनी त्या बाहेर उभ्या माणसाला दार उघडून दिलं, हे कानवाले सोयीस्करपणे विसरतात. आता मोबाइलातही तंबोरा वाजतो. आधी त्यापाशी बसावं आणि पुस्तक नंतर उघडावं, एवढंच माझं म्हणणं.

आमचे मास्तर पोरांच्या हाती पुस्तक द्यायचेच, पण भूप गळ्यावर चढल्यावर. मग पोरं पुस्तकालाच धारेवर धरायची.

“मास्तर, हितं गंधारावर बसायला पायजे की! ह्यात नुस्ता ‘ग’ लिवलाय.”

मास्तर खूश. त्या दिवशी शिकवणी लवकर सुटायची.